घोडीला आधी कळलं

मिरजेच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि खुर्ची पुढं ओढून घेतली. डॉक्टर खुर्ची पुढं ओढतात तेव्हा बातमी बरी नसते, हे आता मला पाठ झालंय. तेव्हा नव्हतं.

“मोटर न्यूरॉन डिसीज,” ते म्हणाले. मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या काही पेशी असतात. या आजारात त्या मरत जातात. हुकूम पोचत नाही म्हणून स्नायू हलत नाही, आणि हलत नाही म्हणून वाळत जातो. आधी हात किंवा पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. बुद्धी बहुतेकांची शेवटपर्यंत शाबूत राहते.

“बरं करणारं औषध आज आपल्याकडे नाही. वेग थोडा कमी करणारी गोळी आहे, ती सुरू करू,” डॉक्टर म्हणाले. “तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवलं?”

“मला कुठं जाणवलं डॉक्टर,” हे म्हणाले. “आमच्या घोडीला आधी कळलं.”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. माणसाला धक्का बसलाय असं त्यांना वाटलं असावं. पण हे अगदी खरं बोलत होते.

हे म्हणजे माझे यजमान, हणमंतराव. सगळी नोकरी सैन्यात, घोड्यांच्या तुकडीत झाली. आमचं गाव इस्लामपूरजवळ. आमच्याकडं माणूस सैन्यातून रिटायर झाला की बुलेट घेतो, यांनी घोडी घेतली. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. नाव मैना. मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होते. शाळेतून आले की घरात चहाला दूध नसायचं, पण घोडीला हरभरा भिजलेला असायचा. मी रागानं तिला सवत म्हणायचे. ह्यांना त्याचा फार आनंद व्हायचा.

रोज सकाळी हे कालव्याच्या रस्त्यानं मैनेला फिरवून आणायचे. एका वर्षी ती डावीकडं सरकायला लागली. सरळ रस्ता सोडून उसाच्या कडेला जायची. यांनी लगाम बदलला. नालबंद बोलावून चारही नाल नवे ठोकून घेतले. जनावरांचे डॉक्टर येऊन तिचे खूर, गुडघे, दात बघून गेले. कुणी म्हणालं नजर लागली, म्हणून मी तिच्या दावणीला लिंबू-मिरची बांधली. मैनेला काहीही झालं नव्हतं.

घोडं लगामापेक्षा स्वाराच्या पायावर चालतं, हे मला नंतर कळलं. उजवी टाच लागली की ते डावीकडं सरकतं, डावी लागली की उजवीकडं. यांच्या डाव्या पायातला जोर कमी होत चालला होता. एकट्या उजव्या टाचेचा दाब लागत होता आणि ती शहाणी घोडी सांगितल्यासारखी डावीकडं जात होती. जे काम घोडीला जमलं ते आम्हा दोघांना जमलं नाही. आजार माणसाला आणि औषध जनावराला, असे आमचे कितीतरी महिने गेले.

मग यांची डावी चप्पल चालताना गळून पडायला लागली. पाऊल उंबऱ्याला अडखळायचं. याला फूट ड्रॉप म्हणतात, म्हणजे पाऊल पुढून उचललं न जाणं. सांगलीला हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. एमआरआय झाला. मणक्यात थोडी झीज निघाली, या वयात ती निघतेच. कमरेला पट्टा आला. पट्ट्यानं काही झालं नाही, तेव्हा त्यांनीच मिरजेला पाठवलं. तिथं ईएमजी केली. या तपासणीत स्नायूत बारीक सुई घालून आतला विद्युतप्रवाह बघतात. दुखतं. हे हसत होते, पण पलंगाची कड घट्ट धरून होते. त्या तपासणीनं नाव ठरलं.

कुणाच्या घरी असं काही होत असेल तर एवढंच सांगते, माणसाच्या रोजच्या कामात काही बिघडलं की आधी त्या माणसाकडं बघा. आपण अवजार बदलतो, गाडी बदलतो, चप्पल बदलतो.

मिरजेहून आम्ही परत निघालो. मी खिडकीकडं तोंड करून रडत होते. आष्टा गेल्यावर हे म्हणाले, “सुमन, उद्यापास्नं तू घोडीवर बसायचं.”

मला वाटलं थट्टा करताहेत. माझं माहेर शिराळ्याचं, नागपंचमीला जिवंत नाग पूजणारं गाव. लहानपणापासून नाग बघितले, त्यांची भीती गेली. घोड्याची गेली नव्हती. मैनेला चारा टाकायचा तरी मी लांबून टाकायची. शिवाय मी नुकतीच रिटायर झालेली, गुडघे कुरकुरत होते.

“आवं, ह्या वयात? लोकं काय म्हनतील?”

“मी घोडी घेतली तवा बी लोकं हसत व्हती. घोडं उभं राह्यलं की त्याचं पाय जात्यात. आपल्या घरात एकजन जाग्यावर बसनार हाय, दोघं नगं बसाय.”

विट्याकडचा एक वरातीचा घोडेवाला मैनेला मागत होता. तो चांगला माणूस होता. पण बँडच्या आवाजात नाचायला लावलेली मैना यांना बघवली नसती. आणि मला घोडीवर बसवण्याचं खरं कारण मला तेव्हाच कळलं होतं. यांना जे येत होतं ते यांच्याबरोबर संपणार होतं. डॉक्टरांनी बोलणं जाईल असं सांगितलं होतं. शिकवायचं तर तोंड आहे तोवरच.

पुण्याहून आमच्या मुलीचा, पूनमचा फोन आला. “आई, तू पडलीस तर दोघांचं कोण करणार?” तिचं चूक नव्हतं. मी तिला हो हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी तिचाच जुना पंजाबी ड्रेस घालून रानात गेले.

ऊस तुटून गेला होता, रानात वाळल्या पानांचं पाचट पसरलेलं होतं. यांनी बांधावर खुर्ची टाकली. मैनेला लांब दोर लावला, दोराचं टोक यांच्या उजव्या हातात. मला लगाम दिलाच नाही. “आधी मांड,” म्हणाले. मांड म्हणजे बैठक. घोडं कसंही हललं तरी आपण त्याच्याबरोबर हलायचं, हातानं कशालाही धरायचं नाही. मी खोगिराला मिठी मारून बसले होते. बायका बांधावर जमल्या. मैनेनं दोन पावलं टाकली आणि मी ओरडले, “आवं, थांबवा तिला!”

“ती थांबलीयाच. तू हलतीयास,” हे म्हणाले. बांधावर हशा झाला.

सैन्यात शिकवायची भाषा हिंदी, त्यामुळं मलाही हिंदीतच हुकूम यायचे. “एडी नीचे! नजर सामने!” सारी हयात मी पोरांना ताठ बसायला सांगितलं, आता कुणीतरी मला सांगत होतं. मी चिडायची. मग पडले. पाचटात पडले म्हणून हाडं वाचली. हे खुर्चीतून उठायला गेले आणि त्यांचा पाय उठला नाही. मी पाचटात पडलेली आणि ते खुर्चीत अडकलेले, असं आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. त्यांचे डोळे भरले होते. मी घाईघाईनं उठले आणि परत चढले. त्या दिवसापासून मी चिडले नाही.

मला चालणं जमलं. लगाम मिळाला. मग दुडकी आली. दुडकीत घोडं उडवतं, आपण त्याच्या तालावर उठायचं आणि बसायचं. ताल सापडेपर्यंत मांड्या सोलून निघाल्या, मी हळद लावून झोपायची. पण एका सकाळी तो सापडला. हे खुर्चीतून “हां, हां, हां” असं तालात म्हणत होते आणि मी त्या तालात होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघांनी मिळून कधी काही केल्याचं मला त्याआधी आठवत नाही. ते पलटणीत असायचे, मी शाळेत.

“आता दौड राह्यली,” हे म्हणाले. “दौड बघितली की मी मोकळा.”

दौड म्हणजे दुडकीच्या पुढची चाल. त्यात घोडं अंगाखालून वाहत जातं, असं ते सांगायचे. सांगताना हात हवेत फिरवायचे. तो हातही आता कोपरापर्यंतच उचलला जात होता.

यांची जीभ जड झाली. डिसार्थ्रिया, म्हणजे शब्द माहीत असतात पण उच्चार होत नाही. सगळी अक्षरं एकमेकांत मिसळून जायची. बांधावरून हुकूम यायचा आणि मला कळायचा नाही. मी परत विचारायचे, ते परत सांगायचे. पूर्वी यांनी “मैने” अशी हाक मारली की ती मान वर करून खिंकाळायची. आता यांच्या हाकेला ती ढिम्म हलायची नाही, चारा खात राहायची. हे दोनदा-तीनदा हाक मारून बघायचे. मग त्यांनी तिला हाक मारणंच सोडून दिलं. त्यांच्या आजारपणातलं मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं असेल तर याचं.

मी शाळेतल्यासारखा अक्षरांचा तक्ता केला. मी अक्षरावरून बोट फिरवायचं, हवं ते आलं की त्यांनी पापणी मिटायची. पहिलीची पोरं जशी अक्षराला अक्षर जोडतात तसं आमचं बोलणं सुरू झालं. हे पक्के चुकार विद्यार्थी, काना-मात्रा कधी सांगायचे नाहीत. ‘ट’ आणि ‘च’ सांगून गप्प. टाच. माझी फेरी संपली की तक्ता घेऊन त्यांच्यापुढं बसायचं आणि एक शब्द मिळवायचा, तेवढा दिवसाचा धडा. पूर्वी शंभर शब्दांत सांगायचे त्यापेक्षा तो एक शब्द जास्त कामाचा असायचा.

दौड मात्र होईना. मैनेनं उडी घेतली की माझा हात आपोआप लगाम ओढायचा आणि ती थांबायची. भीती मनातून गेली होती, हातातून गेली नव्हती.

पावसाळ्याच्या शेवटी यांना न्यूमोनिया झाला. गिळताना अन्न श्वासनलिकेत जातं आणि छातीत संसर्ग होतो, त्याला ॲस्पिरेशन न्यूमोनिया म्हणतात. परत मिरज, आयसीयू. बाहेरच्या बाकांवर बसलेल्या माणसांची आठवडाभरात एक भावकी होते. कुणाचा डबा कुणीही उघडतं, कुणाच्या चार्जरला कुणाचाही फोन. एक बाई रोज मला विचारायची, “तुमचं पेशंट काय म्हनतंय?” आणि मी सांगायचे, “काय म्हननार, बोलता येत न्हाई त्यास्नी.” पुढं ती विचारेनाशी झाली. तिचा पेशंट गेला होता.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं. “श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून व्हेंटिलेटर लावता येईल. आयुष्य वाढेल, आजार मात्र पुढं जातच राहील. निर्णय त्यांचा आहे, त्यांना सगळं समजतंय.”

मी तक्ता घेऊन गेले. त्यांना बायपॅपचा मास्क लावलेला होता, म्हणजे नाकातोंडावरून हवा आत ढकलणारं यंत्र. मी प्रश्न विचारला आणि बोट फिरवायला लागले. ‘घ’ आला. मला वाटलं, घरी. मग ‘ड’ आला.

“घोडी?” मी विचारलं. पापणी मिटली.

“उभी हाय आवं. मी हितं, तिला कोन फिरवनार?”

त्यांनी नजर पुन्हा तक्त्याकडं नेली. मी तक्ता धरला तेव्हा ‘घ’ आणि ‘र’ आला. व्हेंटिलेटरचं विचारलं तर मान अगदी थोडी हलली. नको.

पूनम पुण्याहून आली होती, ती फार रडली. मीही. आपल्या माणसाचं ‘नको’ ऐकून घ्यायला लागतं, आणि ते ऐकलं म्हणून पुढं जन्मभर आपल्याला बोचत राहतं. तुमच्यावर ही वेळ आली तर त्याचंच ऐका, बोचलं तरी.

घरी बायपॅप भाड्यानं आणलं. पलंग रानाकडच्या खिडकीला लावला. रोज सकाळी पूनम त्यांच्याजवळ बसायची आणि मी खिडकीसमोर मैनेवर चढायचे. चालणं, दुडकी. मग टाच लावायची, ती उसळायची आणि माझा हात ओढायचा. रोज तेच. मी आत यायचे तेव्हा ते माझ्याकडं बघत असायचे. एकदा मी म्हटलं, “जमंना वो मला.” त्यांनी तक्त्याकडं नजर नेली. ‘स’, ‘ड’. सोड. त्यानंतर माझं बोट कुठल्याच अक्षरावर थांबलं नाही.

त्याच आठवड्यात ते गेले, सकाळी, झोपेतच. मैना खोगीर घालून बाहेर उभी होती. दौड त्यांनी बघितली नाही. हे माझं दुःख आहे आणि ते राहणार आहे. चांगलं बोलून मला ते पुसायचं नाही.

एक मात्र सांगावंसं वाटतं. आजारी माणसाला आपण भरवतो, पुसतो, कूस बदलून देतो. तो दिवसभर घेतच असतो, आणि घेऊन घेऊन मनातून खचत जातो. त्याच्याकडं जे आहे ते त्याला द्यायला लावा. भाकरी थापणं असो, गाणं असो, पंप दुरुस्त करणं असो. वय झालं म्हणू नका. बांधावरच्या खुर्चीत हे पेशंट नसायचे, माझे उस्ताद असायचे. मिरजेच्या डॉक्टरांचे, सिस्टरांचे आणि बाकावरच्या त्या बाईचेही माझ्यावर उपकार आहेत. पण आम्हाला तगवलं ते त्या शिकवण्यानं.

दिवसकार्य उरकलं, पूनम पुण्याला गेली. बरेच दिवस मी मैनेला नुसती धरून फिरवत होते. मग एका सकाळी खोगीर घातलं आणि कालव्याच्या रस्त्याला लागले. रस्ता रिकामा होता. दुडकीत मी टाच लावली. ती उसळली. हात ओढायला गेला आणि मी बोटं उघडली.

टापांचा आवाज बदलला. धक्के थांबले. माझ्याखालून काहीतरी वाहत होतं आणि मी त्यात होते. माझं वय, गुडघे, दवाखान्यातले बाक, यातलं काहीच अंगाला उरलं नाही. तोंडावर वारा लागत होता आणि मी हसत होते. इतक्या दिवसांनी हसत होते.

मैना आपण होऊन हळू झाली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. यांचा सगळा आजार मी जवळून बघितला होता. पाय गेला, हात गेला, बोलणं गेलं, तेव्हा मी शेजारीच होते. पण रोज सकाळची त्यांची ही दौड गेली तेव्हा काय गेलं, हे मला आत्ता समजत होतं. मला रडू फुटलं. दोन्ही बाजूंना ऊस, ऐकायला कुणी नव्हतं.

मी मोठ्यानं म्हणाले, “आवं, इतकी वर्सं ह्ये एवढं सुख तुमी एकट्यानंच घेत व्हता व्हय?”