पाटीतले तीन तास

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीच्या दारावर एक पाटी आहे. ‘१ ते ४ ग्रंथालय बंद. दार वाजवू नये. आत ऐकू येते, पण उघडले जात नाही.’ ती वासंती मॅडमची. म्हणजे अक्षरही त्यांचं आणि स्वभावही.

मॅडम मे महिन्यात रिटायर होणार. छापील जर्नल्स बंद करून ऑनलाइन घ्यायची हे मॅनेजमेंटला त्यांनीच पटवलेलं. तेव्हा सगळे सर वैतागले होते म्हणे, उद्या जर्नलवाल्या कंपनीने शटर ओढलं तर काय करायचं म्हणून. मॅडम भर मीटिंगमध्ये म्हणाल्या, “जी वर्षं आपण विकत घेतली ती आपली. पुढे वर्गणी थांबवली तरी दिसणार. मी शब्द देते.” आता पुण्यात पटकन कोणी चहा देत नाही, शब्द तर लांबच. त्यामुळे तो सगळ्यांच्या लक्षात राहिला.

आणि या जानेवारीत मी उसाच्या तांबेरा रोगावरचा एक जुना पेपर उघडायला गेले, कारण माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट मांजरी गावच्या उसावर आहे, तर स्क्रीनवर आलं की तुमच्या संस्थेला ॲक्सेस नाही. वर्गणी कॉलेजने गेल्या वर्षी थांबवली, ते ठीक आहे, पण मला हवं होतं ते तर जुनं, विकत घेतलेलं वर्ष. मी तशीच धावत मॅडमकडे.

मॅडमनी स्वतः उघडून बघितलं. मग आधीचं वर्ष, मग त्याच्या आधीचं. काहीच उघडेना. चेहरा उतरला त्यांचा, पण आवाज तोच.

“जर्नल दुसऱ्या कंपनीने घेतलंय. घेऊ देत. बिल्डरने सोसायटी दुसऱ्याला विकली म्हणून आपला फ्लॅट जात नाही.”

“पण मॅडम, नाहीच दिसलं तर?”

“तर मी खोटं बोलले असं होईल. आणि निरोप समारंभात सगळे सर तेच हसत हसत सांगतील.”

त्यांनी नव्या कंपनीला ईमेल केला. आठवड्याने उत्तर आलं की तुमची विनंती बंद करण्यात आली आहे. कारण वगैरे काही नाही. मग मॅडमनी हेल्पलाइनला फोन लावला, स्पीकरवर. एक मुलगा एकदम झकास इंग्लिशमध्ये बोलत होता, तेवढ्यात त्याच्या मागून कोणीतरी ओरडलं, “श्याम, वडापाव गार होतोय रे.”

मॅडमनी सरळ मराठी सुरू केलं. “श्याम, आधी खाऊन घ्या. बसता कुठे आपण?”

“खराडीला, मॅडम.”

“मग फोन कशाला? येतेच.”

आणि खरंच माझ्या स्कूटीवर मागे बसून आल्या. अख्ख्या रस्त्यात एकच वाक्य बोलल्या, “सिग्नल तुझ्यासाठी पण असतो.”

श्याम बिचारा आयकार्ड सावरत गेटवर आला, आम्हाला टपरीवर घेऊन गेला. म्हणाला, “मॅडम, जुन्या कंपनीकडून तुमची वर्षं आलीयेत आमच्याकडे. फक्त लायब्ररीच्या नंबरवर फोन करून तुमच्याकडून कन्फर्म करायचं असतं. तीनदा केला. एंगेजच. मग सिस्टिम आपोआप बंद करते.”

“किती वाजता करता?”

“माझी शिफ्ट दुपारची. अडीचच्या आसपास.”

मी चहात बघत बसले. मॅडम पाटी लावल्यावर रिसीव्हर काढून ठेवून झोपतात हे अख्ख्या कॉलेजला माहितीये. मोबाइल नंबर त्या कोणाला देत नाहीत, ते वेगळंच.

मॅडमनी कप खाली ठेवला. “म्हणजे तुम्ही दार वाजवत होता आणि मी आत झोपले होते.”

श्यामने विचारलं, “उद्या परत करू का?”

“करा. जागी असते.”

दुसऱ्या दिवशी पाटी होती, पण मी आत आणि रिसीव्हर जागेवर. मॅडम फोनवर हात ठेवून ताठ बसलेल्या आणि डोळे मिटत चाललेले. मला हसूही येत होतं आणि रडूही. पहिला फोन कर्ज हवंय का विचारणारा. “नको. लाइन मोकळी ठेवा,” मॅडम म्हणाल्या. दुसरा श्यामचा.

तो फोनवर असतानाच माझा पेपर उघडला. मॅडमनी आधीची सगळी वर्षं एकेक करून उघडली, मगच त्याला “बरं” म्हणाल्या. आभार मानले नाहीत. फक्त विचारलं, “आज तरी गरम खाल्लं का?”

मग खुर्चीतच झोपल्या.

चारला पोरं दाराशी जमली. मी ओठांवर बोट ठेवलं आणि पाटी काढलीच नाही.