बाबल वायरमन आणि आमची आमसुलं

सौर पॅनलला ताप आलाय का, हे बाबल वायरमन उलट्या हाताने पाहायचा. लेकराच्या कपाळाला लावावा तसा हात काचेला लावून म्हणायचा, "तळहात लबाड, सायबांनू. उलटो हात खरा सांगता."

किनाऱ्यावरच्या एका सरकारी कार्यालयात मी प्रमुख होतो, तो कंत्राटी. गच्चीवरची पॅनलं तो सांभाळायचा. कार्यालयामागेच माझं निवासस्थान. दर उन्हाळ्यात आमची ही रतांब्याच्या साली रसात भिजवून आमसुलं त्या पॅनलांवर वाळत घालायची. उतरती, स्वच्छ, तापलेली काच. सरकारने विजेचं काय केलं ठाऊक नाही, आमसुलांची सोय मात्र उत्तम केली होती.

"सायब, सावली पडता थंय पॅनल करपता."

"अरे, चार सालींनी काय होतंय?"

"चार? ह्यां गावजेवणाक पुरतली!"

मग वरून ड्रोन तपासणीचा हुकूम आला. आदल्या दिवशी आम्ही आमसुलं उचलली, काच लख्ख पुसून घेतली. ड्रोन उडाला, कावळे त्याच्या मागे लागले, आम्ही टाळ्या वाजवल्या. पण त्याचा कॅमेरा उष्णता टिपणारा. पडद्यावर लाल डाग उमटले, एका ओळीत. आमची ही किती नीटनेटकी आहे, ते तेव्हा कळलं.

"इथे वारंवार काहीतरी झाकलं गेलंय," तपासनीस म्हणाला. "जबाबदार कोण?"

"देखभाल बाबलकडे आहे," मी अगदी शुद्ध मराठीत म्हणालो.

बाबलने माझ्याकडे पाहिलं. "सायब म्हणतत तर तसांच."

अहवालात 'हलगर्जीपणा' हा शब्द मीच घातला. बाबलचं काम गेलं.

पुढे कट्टा गावच्या बाजारात तो पंखे दुरुस्त करताना दिसला. मी माफी मागू लागलो.

"माका कित्याक सांगतास? मी थंयच होतंय," तो हसला. "माज्या बायलेक सांगा. माज्या आळसान काम गेला म्हणता. मी खरा सांगलंय तर म्हणता, सायब कित्याक खोटा बोलतले?"

"येतो एकदा," मी म्हणालो. तीन वर्षं मी येतच होतो.

गेल्या महिन्यात बाबल गेला. बाराव्याला मी त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या बायकोला सगळं सांगितलं: आमसुलं आमची, खोटं माझं, बाबलचा दोष काडीचा नाही.

माझ्याकडे पाठ करून ती भिंतीवरच्या बाबलच्या फोटोकडे वळली.

"तुमी खराच सांगी होतास," ती म्हणाली. "माकाच पटूक नाय."