फांदी-मागणी अर्ज

आमच्या बागवेड्यांच्या अ‍ॅपवर चाललेली फांद्यांची चोरी थांबवण्याचा उपाय मी सुचवला, आणि तो अमलात आला. चूक एवढीच. पुढे जे झालं ते सगळे तिला फुटलेले फुटवे.

हे अ‍ॅप विरारजवळच्या सांडोर गावातल्या एका मुलीनं बनवलं होतं. ती मुंबईत कॉम्प्युटरच्या नोकरीला. आईच्या वांग्यांना कीड लागली की आई दिवसभर फोन करायची, म्हणून तिनं चार बागवाल्यांना एकत्र आणलं. चाराचे चाळीस झाले, मग मोजणं सुटलं. त्यात दोन जातींची माणसं. एक आम्ही, विरारच्या फ्लॅटवाले, खिडकीच्या ग्रिलमध्ये पाच कुंड्या ठेवून स्वतःला शेतकरी समजणारे. आम्ही एकच टोमॅटो चार बाजूंनी फोटो काढून टाकायचो. दुसरे सांडोर, निर्मळ, भुईगावचे वाडीवाले. त्यांच्याकडे खरी माती, खरी केळी आणि आमच्याकडे बघून होणारी खरी करमणूक.

या सगळ्यांची गुरू म्हणजे भुईगावची एक मावशी. सत्तरीच्या पुढची, टायपिंगचा कंटाळा. कुणी पिवळ्या पानाचा फोटो टाकला की मावशीचा आवाज यायचा, "अरे बाबा, झाड बुडवलंस. पानी कमी घाल आणि त्याच्याकडे रोज बघू नको, ते लाजतं." औषध असं की दुसऱ्या आठवड्यात पान हिरवं. ती माझ्याशी बोलायची तेव्हा शाळेतलं मराठी काढायची, पण रंगात आली की घरची बोली मध्येच डोकवायची.

अ‍ॅपच्या एका कोपऱ्यात 'सूचना' असा चौकोन होता. आवक-जावक विभागात उभं आयुष्य काढलेल्या माणसापुढे रिकामा चौकोन ठेवणं म्हणजे मांजरासमोर बोंबलांची पाटी ठेवून देवदर्शनाला जाणं. निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही भरायला दिलं नव्हतं. मी तुटून पडलो.

पहिली सूचना रोपांच्या वाढदिवसांची. पेरल्याची तारीख टाकायची, अ‍ॅप आठवण करून देईल. मुलगी भली, तिनं करून दिलं. सोसायटीतल्या एका आजोबांच्या दहाव्याला सगळे माना खाली घालून बसले असताना माझ्या खिशातून टाळ्यांचा कडकडाट झाला आणि एक गोड आवाज म्हणाला, "अभिनंदन! तुमची मेथी आज पाच दिवसांची झाली!" दुसरी सूचना 'श्रद्धांजली' विभागाची, म्हणजे मेलेल्या रोपांचा फोटो आणि दोन शब्द. तोही सुरू झाला. त्यातले पहिले अकरा फोटो माझे. निर्मळच्या एका बाईंनी खाली विचारलं, "काका, तुमच्याकडे रोपं जातात, की तुम्ही पाठवता?"

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी तिसऱ्या सूचनेच्या शोधात होतो.

ती मला मावशीनंच दिली. एके सकाळी तिनं गुलाबाच्या मोडलेल्या फांदीचा फोटो टाकला. तिचा तो गुलाब म्हणजे अ‍ॅपवरचा मानबिंदू. देशी, फिका गुलाबी, आणि वास असा की म्हणे मे महिन्यात गल्लीतल्या क्रुसाला घातला की बावखलापलीकडून, म्हणजे गावतळ्याच्या त्या काठावरून, माणसं नाक वर करून येतात. फोटोखाली मावशीचा आवाज होता, "आज आमच्याकडे चोर येऊन गेला. गुलाबाची फांदी गेली."

माझं रक्त उसळलं. खाली बघतो तर सगळे दात काढून हसतायत. कुणी विचारलं होतं, "चोराला चहा दिला का?" मावशी म्हणाली होती, "दिला. सुकेळीपण दिली, घरच्या केळ्यांची वाळवलेली." मला वाटलं, बिचारी उपरोधानं बोलते आहे आणि ही निर्दय माणसं खिदळतायत. मागे जाऊन शोधलं, तर दर आठवड्याला कुणाची तरी चोरी! निर्मळहून अबोली, सांडोरहून जास्वंद, कुठून कढीपत्ता. आणि एकाही चोरीची नोंद नाही!

मी दुपारभर बसून योजना लिहिली. तिचं नाव 'फांदी-मागणी अर्ज'. ज्याला फांदी हवी त्यानं बटण दाबायचं. झाडाचं नाव, फांदीची लांबी, मागणीचं कारण. मालकानं 'मंजूर' किंवा 'नामंजूर' दाबायचं. मंजूर झाल्यावर फांदी स्वीकारल्याची पोच, आणि आपोआप जाणारा आभाराचा संदेश. मतदान झालं. फ्लॅटवाले संख्येनं जास्त, आणि फुकट गुलाब दिसत होता. योजना भरघोस मतांनी मंजूर. मी बायकोला म्हटलं, "निवृत्त झालो, पण उपयोग संपला नाही." ती कांदा चिरत होती. म्हणाली, "कुणाचा?"

बटण सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी मावशीच्या गुलाबासाठी सत्तावीस अर्ज आले. 'मागणीचं कारण' या रकान्यात एकानं लिहिलं होतं, 'हॉलच्या पडद्यांना रंग मॅच होतो.' मावशीनं सत्तावीसच्या सत्तावीस नामंजूर केले. संध्याकाळी तिचा एकच निरोप आला, "आमच्या घरात कोर्ट नाय." आणि ती अ‍ॅपमधून निघून गेली.

तिच्या मागोमाग वाडीवाल्या बायका एकेक करून गप्प झाल्या. चोऱ्या थांबल्या, हे खरं. फांद्याही थांबल्या. आता फ्लॅटवाले फ्लॅटवाल्यांना सल्ले देऊ लागले. एकानं मिरचीवरच्या मिलीबगला हळदीचं दूध सुचवलं. दुसऱ्यानं ते घातलं. 'श्रद्धांजली' विभागात पहिल्यांदाच मला तोडीस तोड स्पर्धा निर्माण झाली.

आठवड्यानं सांडोरच्या मुलीचा फोन आला. आवाज शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली.

"काका, मावशींचा फोन लागतो, पण अ‍ॅपचं नाव काढलं की त्या ठेवतात. त्या नसतील तर या अ‍ॅपमध्ये राहिलंय काय? तुमचा टोमॅटो? मी महिनाअखेर बंद करते."

"अगं, असं नको करूस—"

"मग तुम्ही आणा त्यांना परत. तुमच्याच अर्जानं गेल्यात."

फोन ठेवून मी बायकोला सगळं सांगितलं. ती गुहागरकडची. तिनं कपाळाला हात लावला, तो बराच वेळ काढला नाही.

"अहो, फांदी मागून आणली तर जगत नाही. चोरून आणलेलीच लागते. एवढं माहीत नाही तुम्हाला?"

"हे कुठे लिहिलंय?"

"लिहायचं काय त्यात! आपला मनीप्लँट कुठून आला? तुमच्या आत्येबहिणीच्या जिन्यातून. ती जिन्यात उभी होती, छताकडे बघत. मी तोडला."

मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे पाण्याची मोटार चोरीला जाते, पण ती चोरल्यामुळे जास्त पाणी ओढते असं कुणी म्हणत नाही. बायकोनं मग मला शिकवणी दिली. पाहुण्यानं झाडाचं फक्त कौतुक करायचं, मागायचं नाही. मग घरधनीण म्हणते, 'मी चहा टाकते,' आणि आत जाते. ती चहासाठी जात नसते, ती तुमच्यासाठी जाते. तेवढ्यात तोडायचं, पिशवीत टाकायचं, चहा प्यायचा, निघायचं. विचारायचं नाही आणि आभार तर मुळीच मानायचे नाहीत.

"म्हणजे ती आभाराची सूचना मी—"

"हो. तीच सगळ्यात वाईट होती."

रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून मावशी घरी आली असेल अशा बेतानं मी स्कूटर काढली. भुईगावच्या गल्ल्या अशा अरुंद की समोरून सायकल आली तरी एकाला केळीत शिरावं लागतं. मी दोनदा शिरलो. मावशीचं घर सापडलं ते वासावरून. अंगणात गुलाब, ओट्यावर मावशी. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, मांडीवर वालाच्या शेंगांचं सूप.

"मी विरारहून आलो. अ‍ॅपवरचा—"

"आवाजावरून ओळखलं. मेथीवाले." तिनं शेंग मोडली. "अर्ज आणलाय?"

मी कसंबसं हसलो आणि बायकोनं पढवलेलं वाक्य म्हटलं, "गुलाब छान आहे."

मावशीनं मला नखशिखान्त पाहिलं. मग सूप बाजूला ठेवून गुडघ्यावर हात टेकत उठली. "बसा. मी चहा टाकते."

ती आत गेली. मी खिशातून कात्री काढली. नवी कोरी, खास त्यासाठी मागवलेली. झाडापाशी गेलो, सवयीनं आधी एका फांदीवरचा कचरा साफ केला. आणि सबंध नोकरीत एक टाचणीही घरी न नेलेला माझा हात हवेतच थांबला. तोंडातून आपोआप निघालं, "मावशी, ही डावीकडची घेऊ का?"

आत भांड्यांचा आवाज एकदम थांबला. मग मावशी मोठ्यांदा म्हणाली, "मला कानानं कमी ऐकू येतं हां!"

मी पुन्हा कात्री लावली. पुन्हा हात थांबला. "साधारण वीतभर चालेल ना?"

"दूध संपलं!" आतून ओरड आली. "मागच्या दारानं शेजारी जाते. वेळ लागेल! कुणी घरात नाय!" तेवढ्यात खिडकीत सून दिसली. तिनं मला पाहिलं, जीभ चावली आणि पडदा ओढून घेतला.

आता सगळं गाव मला चोर होण्यासाठी मदत करत होतं. मी डोळे मिटले आणि कचकन कापलं. डोळे उघडले तर वीतभर कसली, हातभर फांदी हातात. पिशवी स्कूटरला लटकलेली, स्कूटर गल्लीत. पावलं वाजली. मी फांदी शर्टात सारली.

मावशी चहा, सुकेळी आणि दोन पाव घेऊन आली. "बसा की टेकून."

"नको, असाच बरा."

"टेका हो. लांबून आलात."

मी टेकलो. सत्तावीस अर्जदारांच्या वतीनं काटे एकदम पाठीत आणि पोटात शिरले. मावशी निवांत बोलू लागली. शेणखत, पाऊस, भाच्याचं लग्न, त्या लग्नातलं जेवण, जेवणातल्या प्रत्येक पदार्थाचं मीठ. मी श्वास अर्धा घेत होतो. शर्टाच्या गळ्यातून एक पान वर आलं आणि माझ्या हनुवटीला गुदगुल्या करू लागलं. मावशी त्या पानाकडे बघत म्हणाली, "अजून एक कप?"

दुसऱ्या कपाला तिचे खांदे हलायला लागले. आत सून आधीच फुटली होती, पडद्यामागून फिसफिस ऐकू येत होती. मला वाटलं, जमलं. मावशी हसली म्हणजे अ‍ॅप वाचलं. त्या आनंदात मी उठलो आणि चांगुलपणाच्या भरात म्हणालो, "मावशी, त्या झाडाच्या एका फांदीला कुणीतरी प्लॅस्टिकचा कचरा गुंडाळला होता. तोडताना मी... म्हणजे बघताना मी सोडून टाकला. आतली मातीही झटकली. पांढरे किडे होते, सगळे पुसले."

मावशीचं हसणं थांबलं. ती उठून झाडापाशी गेली. खाली पडलेलं प्लॅस्टिक उचललं, मग झाडावरचीच ती फांदी वर धरून पाहिली.

"बाबा, ही गुटी होती," ती हळूच म्हणाली. "फांदीला साल सोलून माती बांधतात, तिथेच मुळं फुटतात. दीड महिना झाला बांधून. ते किडे नव्हते. मुळं होती."

माझ्या शर्टातली फांदी मला एकदम फार जड वाटली. "कुणासाठी होती?"

"त्या सांडोरच्या पोरीसाठी. तिची तीनदा मेली. म्हटलं, हिला मुळासकट द्यावी. ती येईल, मी चहा टाकीन, ती नेईल." तिनं फांदी डोळ्यांजवळ धरली.  एकाच रविवारी मी अ‍ॅपही घालवलं आणि गुलाबही, असंच मला दिसत होतं. तिनं बोटानं मोजलं. "चार मुळं राहिलीत."

"जगेल?"

"जगेल. तुमच्या हातून वाचली म्हणजे कशानंही मरत नाय." आणि ती जी हसायला लागली ती ओट्यावर बसली, पदर डोळ्यांना लावला, सुनेला हाका मारल्या. सून कुंडी आणि ओली माती घेऊन धावत आली. दोघी हसत हसत ती फांदी कापून कुंडीत लावत होत्या. मी उभा होतो, पोटाशी काटे, हनुवटीखाली पान. मावशीनंच सांगितलं, "ती काढा आता शर्टातून. चोरी झाली. पुरे."

मग तिनं सुनेकडून फोन मागवला, त्या मुलीला लावला आणि आवाज मोठा ठेवला. "पोरी, ते अर्जाचं बटण काढ. मी परत येते."

पलीकडून मुलगी किंचाळली. मला इतका आनंद झाला, इतकं हलकं वाटलं, की डोक्यात वीज चमकावी तशी कल्पना चमकली. मी फोनकडे वाकून म्हणालो, "आणि त्याच्या जागी दुसरं बटण टाकता येईल! 'चहा टाकलाय' असं! मालकीण दाबेल, म्हणजे आसपासच्या सगळ्या चोरांना एकदम निरोप—"

मावशीनं फोन माझ्यापासून लांब नेला.

"पोरी, ऐकलंस ना? ह्या माणसाच्या हातात आता काही देऊ नको. फारच मागं लागला तर झारी दे, तीही रिकामी."