ब्रेकला लागलेला पाय

नवं मराठी राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या देऊळघाटच्या अंगणात जुनी मोटार दगडांवर चढवलेली आणि मी तिच्याखाली आडवा. बाळंतपणाला आलेल्या बहिणीला आठवा सरत आलेला, मूल पोटात आडवं. डॉक्टरांनी बजावलं होतं, उद्याच्या उद्या खामगावला हलवा. मध्ये बोथ्याचा घाट, अन् मोटारीच्या मागच्या चाकातून ब्रेकचं तेल गळून राह्यलेलं. बुलढाण्याचा मिस्त्री नेमका लग्नाला गेलेला. आता बोला!

चाकातल्या ब्रेकचे फाटके रबर मी बदलले. राहिलं हवा काढणं. तेलाच्या नळीत हवा राहिली की पेडल नुसतं खाली जातं, गाडी थांबत नाही. ह्याला दोघं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी पेच सैल करून बुडबुडे बाटलीत काढायचे. पेच आवळल्यावरच पेडल सोडायचं, आधी सोडलं की हवा परत आत. बहीण अशी अवघडलेली, घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून पेडल दाबायला आईला गाडीत बसवलं.

"दाब माय! धर!"

"धरलं रे बापा."

बाटलीत बुडबुडे. पुन्हा दाब, पुन्हा बुडबुडे. रबर उलटे तर नाही बसवले? डब्यातलं तेल तळाला गेलं. ओसरीवरून बहीण विचारायची, "दादा, झालं का?"

शेवटी मी खवळलो. "माय, झोपून राह्यली का तू तिथं?" म्हणत बाहेर आलो अन् पाहतो तर काय! आईनं पेडल दाबलं, लगेच पाय उचलला, वाकून पेडलला हात लावला अन् तो कपाळाला लावला.

"हे काय करून राह्यली तू?"

"दसऱ्याले पूजा करतो न हिची? उद्या माही लेक हिच्याच भरवशावर. पाय लावू अन् पाया नोको पडू?"

हसावं की रडावं कळेना. म्हटलं, "मंग हातानं दाब." ती पदर खोचून खाली बसली, दोन्ही हातांनी पेडल रेटलं, अंगाचा सारा भार टाकला. मी 'सोड' म्हणेपर्यंत हललीसुद्धा नाही. बाटलीत नुसतं तेल आलं, पेडल कडक झालं. तरी माझ्या जिवाला घोर होताच.

दुसऱ्या दिवशी घाटाच्या उतारावर, वळण घेतलं तर समोर बैलगाडी आडवी. बहीण "दादा!" म्हणून किंचाळली. मी होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक दाबला. मोटार बैलांच्या शिंगांपासून हातभर अलीकडे थांबली.

बहिणीनं दोन्ही हातांनी पोट धरलेलं. मग मागून आई म्हणाली, "थांबली न? आता पड पाया."

मी वाकलो. पेडलला हात लावला, कपाळाला लावला. पाय मात्र ब्रेकवरून उचलला नाही.