खुनी ठरवणारा देव

वरसे गावचे महिपती रहस्यकथा लिहीत आणि देव मानत नसत. निदान छापील पानांवर तरी. त्यांचा गुप्तहेर हैबतराव दर पुस्तकात एखाद्या बुवाच्या जटा उपटून त्याच्याच हातात देई आणि म्हणे, "श्रद्धा म्हणजे आळशी माणसाचा तपास!" नागोठण्याच्या कंपनीत रात्रपाळीचे लोक हे वाक्य एकमेकांना ऐकवत. पेणच्या वाचनालयाने त्यावर महिपतींना शाल-श्रीफळ दिलं होतं. श्रीफळ परस्पर गावच्या देवळात फुटलं, ही गोष्ट वेगळी.

कारण खुनी शोधायचा हैबतराव, पण ठरवायचा गावदेव. निम्मी कादंबरी झाली की महिपतींचं घोडं अडे आणि ते देऊळ गाठत. सखा गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवी. उजवी पडली तर खुनी डॉक्टर, डावी पडली तर विधवा मामी. निघालेला खुनी प्रकाशकाला रुचणार नाही असं वाटलं, की महिपती पुन्हा कौल लावायला सांगत. देवाचं मत आपल्या मताशी जुळेपर्यंत.

"भाऊ, देव हाय तो, तुमचा कारकून नाय," सखा कुरकुरे. लेखकाला सगळं माफ असतं, असा महिपतींचा प्रामाणिक समज होता.

त्यांच्या पत्नीने, विमलबाईंनी, नवऱ्याचं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. "शेवट काय तो देवळातच कळतो," म्हणत त्या भाकरी उलटत.

त्या वर्षी पावसाळा सरताना विमलबाईंच्या पोटात गाठ निघाली. पेणच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी भरवसा दिला नव्हता. आदल्या संध्याकाळी महिपती एसटीतून उतरले ते थेट देवळात शिरले. चपलासुद्धा सखाने आठवण केल्यावर काढल्या.

सखाने न सांगताच पाकळ्या भिजवल्या. "उजवी पडली तर वैनी बऱ्या व्हनार, असं इचारू ना?"

महिपतींनी त्याचा हात धरला. ते घाबरले होते, चक्क घाबरले होते. डावी पडली, तर पुन्हा लाव म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

"नको लावू. आज काय इचारायचं नाय. ती घरी येऊ दे, एवढंच सांग त्याला."

त्यांनी गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं. सखाला राहवलं नाही; इतकी वर्षं त्याने ऐकून घेतलं होतं.

"आन् तुमचा हैबतराव काय म्हनंल याला?"

"त्याला बायको नाय रे, सख्या," महिपती म्हणाले.