इंग्रजीतला ‘मी’

बातमी आली तेव्हा मी होळी गावातल्या आमच्या वाडीत अळूची पानं खुडत होते. फोन काकूंचा, म्हणजे परब सरांच्या मिसेसचा होता. “सुषमा, उद्या सरांची भाजी आणू नकोस गं...” एवढंच म्हणाल्या. मला आपलं वाटलं, दोघं गावाला निघाली असतील. “का हो, कुठे दौरा?” असं मी मूर्खासारखं विचारलंसुद्धा. पलीकडून हुंदका ऐकू आला तेव्हा कुठे उमगलं. पानं तशीच टाकली आणि चिखलाच्या पायांनी रिक्षात बसले. परब सरांना जाऊन आता दीड महिना झाला. ते माझे नात्याचे कुणी नव्हते. वसईत त्यांची जी सोसायटी आहे, तिच्या गेटवर मी सोमवार-गुरुवार वाडीतली भाजी घेऊन बसायचे आणि ते गिऱ्हाईक होते, एवढीच ओळख. पण त्या दिवशी त्यांच्या दारात मी जशी रडले, तशी माझ्या सख्ख्या मामाच्या वेळी रडले नव्हते. खोटं कशाला बोलू!

सर मूळचे कोकणातले. मुंबईतल्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि काकूंना घेऊन वसईत राहायला आले. मुलगा बंगळुरूला. आणि मी कोण, तर इंग्रजीनं दोनदा दहावीत आपटवलेली, तिसऱ्यांदा फॉर्म न भरता लग्न करून मोकळी झालेली बाई. एके दिवशी नवीन बिल्डिंगमधल्या कुणा मॅडमचा फोन आला, त्यांना मराठी येईना. मी ठोकून दिलं, “मी नॉट कम टुडे, मी कम थर्सडे.” समोर सर पडवळ हातात घेऊन उभे. म्हणाले, “बाई, त्या बिचाऱ्या ‘मी’ला एकट्याला कुठे धाडलंत?” माझं डोकंच फिरलं. रागाचं म्हणाल तर तो कायम माझ्या नाकाच्या शेंड्यावर, माशीसारखा बसलेला. “पडवळ घ्यायचं तर घ्या, नाहीतर खाली ठेवा, मोडेल,” मी म्हटलं. त्यांनी निमूटपणे दोन पडवळं घेतली. पुढच्या गुरुवारी भाजीच्या पिशवीबरोबर एक चिठ्ठी घेऊन आले.

त्या चिठ्ठ्यांची मोठी गंमत होती. जुन्या कॅलेंडरची पानं कापून सर त्यांचे चौकोन करायचे आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर एकेक वाक्य लिहायचे, मधली एक जागा मोकळी ठेवून. ती मी भरायची. भाजी संपली की मी वर जायचे, काकू चहा टाकायच्या आणि गॅलरीत आमची शाळा भरायची. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, “मराठीतला ‘मी’ वाक्यात पुढे ऐटीत चालतो. इंग्रजीत ती ऐट ‘आय’ची. इंग्रजीतला ‘मी’ एकटा निघत नाही, त्याला कुणाचा तरी हात लागतो. विथ मी, फॉर मी, टू मी.” मी म्हटलं, “मग आमचंच बरं. मी तो मी, भानगड नाही.” “असं? मग घरी ‘मीसाठी चहा ठेवा’ म्हणतेस का?” “मीसाठी कोण म्हणेल? माझ्यासाठी!” सरांनी टाळी वाजवली. “बघ! ‘साठी’ चिकटला की तुझाही ‘मी’ बदलतो. आपला ‘साठी’ शेपटीसारखा मागे, त्यांचा ‘फॉर’ शिंगासारखा पुढे, एवढाच काय तो फरक.” अरे देवा... दोनदा नापास झाले, पण हे एवढं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं. मला येतंच होतं की हे! फक्त शेपटीचं शिंग करायचं होतं.

तरी एक खोड काही जाईना. ‘ती’ म्हणजे ‘शी’ हे डोक्यात इतकं पक्कं, की ‘तिच्याबरोबर’ म्हटलं की तोंडातून ‘विथ शी’च यायचं. “शिंग लागलं की शीची हर होते, सुषमा!” सर कपाळाला हात लावायचे. काकू आतून ओरडायच्या, “अहो, बाईला चहा तरी सुखानं पिऊ द्या!” काकूंना इंग्रजीचा गंध नाही, पण बाजू कायम माझी. असं करत करत मी चाळिशीत दहावी झाले. निकालाच्या दिवशी सरांसाठी राजेळी केळ्यांचा अख्खा घड घेऊन गेले. त्यानंतर वर्षभरात एका दातांच्या दवाखान्यात फोन घेण्याची, वेळा देण्याची नोकरी लागली. सकाळची भाजी सोडली नाही, पण अकरा वाजता इस्त्रीची साडी नेसून मी खुर्चीत बसते आणि कुणीही कुठल्याही भाषेत बोललं तरी आता न अडखळता वेळ देते. हे सगळं सरांचं देणं. हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही. म्हणून एकदा सांगायचं ठरवलं, आणि तिथेच माशी शिंकली.

सरांच्या पंच्याहत्तरीला सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. मी आठ दिवस खपून इंग्रजीत पाच वाक्यं पाठ केली होती, कुणालाही न दाखवता. उभी राहिले. चार वाक्यं गेली. पाचवं म्हटलं, “देअर इज अ बाँड बिटवीन सर अँड आय.” ‘मी’ म्हणायचं नाही, ‘आय’ म्हणायचं, हा धडा मी नको तिथे लावला होता. आणि पहिल्या रांगेतून सर सवयीनं म्हणाले, “मी.” झालं. सगळा हॉल हसला. सरही हसले. मला वाटलं, जमीन दुभंगावी. मी माइक खाली ठेवला आणि चप्पल घालून सरळ चालू पडले, जेवणाच्या ताटाकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानंतर चार महिने मी त्या गेटवर बसले नाही. रस्त्याच्या पलीकडे बसायचे. सर गॅलरीत दिसायचे. मी मान वर करायचे नाही. आज ते चार महिने आठवले की जीव नुसता तळमळतो. किती चहा झाले असते... किती चिठ्ठ्या...

शेवटी माझी मुलगीच म्हणाली, “आई, तुझा राग तुलाच महागात पडणार.” मग मी एका कागदावर लिहिलं, “सर, आर यू अँग्री ऑन मी?” आणि ती चिठ्ठी केळ्यांच्या पिशवीत घालून वॉचमनच्या हाती वर पाठवली. दहा मिनिटांत पिशवी परत आली. म्हटलं, केळीही परत केली. बघते तर पिशवी रिकामी, आत फक्त माझाच कागद. ‘ऑन’वर लाल रेघ, वर ‘विथ’. खाली सरांच्या अक्षरात लिहिलेलं, ‘आय वॉज नेव्हर अँग्री विथ यू. आर यू अँग्री विथ मी?’ आणि त्याखाली मराठीत, ‘चुकलं माझं. चार लोकांत बोलायला नको होतं. चहा टाकलाय.’ जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघा मारणारा माणूस, आणि भाजीवालीला लिहितो की चुकलं माझं! मी तशीच टोपली टाकून वर धावले. गॅलरीत बसल्यावर तोंडातून पहिलं काय निघावं? “सर, पण माझा राग तुमच्यावरच होता की, मग ऑन का नाही?” सर म्हणाले, “आपल्याकडे राग माणसावर काढतात. त्यांच्याकडे राग असतानाही माणूस ‘विथ’ असतो. मला त्यांचं हे एक आवडतं.”

शेवटचे दोन-तीन महिने सर पलंगावरच होते. आवाज बारीक झालेला, हात थरथरायचा, पण सोमवार-गुरुवारची चिठ्ठी चुकली नाही. अक्षर वाकडं व्हायचं, तरी मोकळी जागा बरोबर सोडलेली असायची. शेवटच्या सोमवारी गेले तेव्हा डोळा लागला होता. मी उठवलं नाही, भाजी ठेवून दवाखान्यात गेले. बुधवारी पहाटे सर गेले.

तेराव्यानंतर मी गेले तेव्हा काकू एकट्याच गॅलरीत बसल्या होत्या. मुलगा आपल्याकडे चल म्हणतोय, पण त्यांना हे घर सोडवत नाही. त्यांनी माझ्या हातात एक चौकोन ठेवला. “गुरुवारची तुझी. मंगळवारीच लिहून ठेवली होती. मला काही वाचता येत नाही बाई, काय लिहिलंय?” पाठीवर कॅलेंडरचे आकडे, कोऱ्या बाजूला वेडंवाकडं अक्षर. ‘काकू विल बी अलोन. प्लीज सिट विथ ——.’

मी काकूंना अर्थ सांगितला नाही. टेबलावर सरांचा लाल पेन होता, तो घेतला. या वेळी हात क्षणभरही अडखळला नाही. मोकळ्या जागेत लिहिलं, ‘हर’.

“बरोबर आलं का गं?” काकूंनी विचारलं.

“आलं,” मी म्हटलं. आणि पदर खोचून चहा टाकायला उठले, दोन कप.