वासंतीची दुसरी डिस्क

खरं सांगू? मला वासंतीचा हेवा वाटतो. आजचा नाही, छत्तीस वर्षांचा. लोक असलं बोलत नाहीत, मनात ठेवतात. मला नाही जमत.

वासंती माझी धाकटी जाऊ, माहेर धारचं. माझ्या दिराशी, भास्करशी, लग्न होऊन ती देवासला आमच्या घरात आली तेव्हा मी इथे सहा वर्षं मुरलेली होते. पोळ्या माझ्या, सणवार माझे, आल्यागेल्याचं माझं. आणि ही बाई पंधरा दिवसांत बँकेत नोकरीला जायला लागली. इस्तरीची साडी नेसून सकाळी सायकलवर टांग मारायची. मी खिडकीतून बघायची आणि कणीक जरा जास्तच तिंबायची. संध्याकाळी परत आली की सासूबाई म्हणणार, "दमली असेल गं पोर, हिला चहा दे." अहो, मी काय दिवसभर पलंगावर लोळत होते?

ती वाईट असती तर सगळं सोपं झालं असतं. पण उलटून एक शब्द बोलेल तर शपथ! मी तोंड सोडलं की ही शांतपणे समोर बसून मेथी निवडायला घेते. सांगा, मेथी निवडणाऱ्या बाईशी कोणी कसं भांडावं?

दोन वर्षांपूर्वी ती रिटायर झाली. मला वाटलं, चला, आता आम्ही दोघी सारख्या. आमचे हे गेल्यापासून मी खाली एकटी, ती आणि भास्कर वर. पण कुठलं काय! तिच्या मुलानं, मयुरेशनं, बंगलोरहून कॅमेरा पाठवला. झालं, पहाटे उठून ही टेकडीवर हजर. महिनाभरात सगळी कॉलनी तिच्या मागे, "वासंती काकू, हमारा भी एक खींच दो ना." मला सगळे अक्का म्हणतात, पण माझ्या दारात येतात ते फक्त कढीपत्ता मागायला.

आणि मग आलं ते कुळवृत्तांताचं प्रकरण. आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत आहे, म्हणजे सगळ्या शाखांची वंशावळ आणि माहिती छापलेलं जाड पुस्तक. पुण्याच्या मंडळींनी पन्नासेक वर्षांपूर्वी काढलं. त्यात आमच्या वाट्याला एकच ओळ आहे: "माळव्यात गेलेल्या शाखेची माहिती उपलब्ध नाही." मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी ते पान उघडून दाखवलं होतं. म्हणाले, "सूनबाई, आपण अनुपलब्ध आहोत." हसत म्हणाले, पण चेहरा काही हसरा नव्हता.

आता नवी आवृत्ती निघतेय. पुण्याहून निरोप आला की वडीलधाऱ्यांचे फोटो, देवांचे टाक, जुने कागद, जे असेल ते अमुक रविवारपर्यंत पाठवा. नाही आलं तर जुनीच ओळ पुन्हा छापू. भास्कर म्हणाला, वासंती करेल. सगळे म्हणाले, वासंतीच करेल. अरे, नाती कोणाला पाठ आहेत? खातेगावच्यांची धाकटी कुठे दिली, बदनावरच्यांचा दत्तक कोणाचा, हे मला विचारा ना! मला कोणीही विचारलं नाही.

विचारलं ते नेमकं वासंतीनंच. "अक्का, तुम्ही चला. तुमच्याशिवाय मला कोण घरात घेईल? कोण कोणाचं ते तुम्हीच सांगायचं." गाडी ठरली, पाच दिवसांची. मी आधी नाही म्हटलं, मग लाडू करायला घेतले.

फोटो ठेवायचे कशात, हा मोठा प्रश्न होता. मोबाइल भरलेला. जुना लॅपटॉप बरोबर घ्यायचा, पण त्याचंही पोट फुटायला आलेलं. मयुरेश म्हणाला, नेटवर चढवत जा. ती म्हणाली, "उदयनगरला जंगलात फोन लागत नाही, तिथे नेट कुठून आणू?" म्हणून आम्ही दोघी बाजारात दुकानात गेलो. दुकानदार तिला मैडम म्हणाला आणि मला माताजी. आमच्यात चार वर्षांचं अंतर आहे, चार!

त्यानं भलीमोठी जागा असलेला पेनड्राइव्ह अगदी स्वस्तात पुढे केला. "ये ले लो मैडम, दुनिया भर के फोटू आ जाएंगे." मी म्हटलं, घे की, पदराला गाठ मारून नेता येईल. वासंती म्हणाली, "भिया, इतना सस्ता है तो इसमें जगह सच में है कि बस लिखी हुई है?" त्यानं तो परत काचेखाली ठेवला. मग हार्ड डिस्क बघितली. ती पडली तर काय, गाडीत धक्के बसले तर काय, आत काही फिरतं का, असे प्रश्न ही विचारत राहिली. माझे पाय दुखून आले. शेवटी घेतली ती आत काही न फिरणारी एसएसडी, साबणाच्या वडीएवढी. आणि म्हणाली, "अशाच दोन द्या."

"दोन कशाला?"

"एक माझ्या पिशवीत, एक तुमच्या पर्समध्ये. दोन्हींत सगळे फोटो. एक हरवली तर दुसरी आहे."

दुकानात एकच होती. दुसरी निघायच्या दिवशी सकाळी आली.

आता ऐका. आमच्या घरी नवी वस्तू आली की आधी देवापुढे ठेवायची आणि मोठ्या सुनेनं तिला हळदी-कुंकू लावायचं. फ्रिज, स्कूटर, मिक्सर, सगळ्यांना मीच लावलंय. तो माझा मान आहे. आणि लावायचं ते वस्तूच्या तोंडाला, जात्याला लावतात तसं. त्या पहिल्या डिस्कला एकच बारीकसं तोंड होतं, वायर लावायचं. मी हळद-कुंकू पाण्यात कालवलं आणि तिथे चांगलं बोट दाबून लावलं. वर एक अक्षताही ठेवली. देवाशप्पथ सांगते, मनात काही वाईट नव्हतं. दुसरी डिस्क मात्र वासंतीनं गाडीत बसता बसता सरळ माझ्या हातात दिली. देवाला न दाखवता! मला राग आला, पण बोलले नाही.

पहिलं गाव खातेगाव. तिथले आमचे चुलत सासरे एक्क्याण्णव वर्षांचे. वर्षानुवर्षं प्रत्येक दिवाळीला त्यांना माझ्या हातचा फराळ जातो. वासंतीनं त्यांना उन्हात खुर्चीवर बसवलं, टोपी सरळ केली, फोटो काढले. मांडीवर जुने कागद ठेवून त्यांचेही काढले. म्हातारा इतका खूश झाला की तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "घराण्याचं नाव राखलंस पोरी. मोठी सून शोभतेस." आणि मी? मी मागे लाडवाचा डबा घेऊन उभी. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. वासंती लगेच म्हणाली, "मोठ्या या आहेत काका, मी धाकटी." त्यांना ऐकू कमी येतं. त्यांनी पुन्हा तिच्याच डोक्यावर हात ठेवला.

रोज संध्याकाळी चहा झाला की तिचं काम सुरू. कॅमेऱ्यातलं कार्ड काढायचं, लॅपटॉपमधून फोटो एका डिस्कमध्ये, मग दुसऱ्या डिस्कमध्ये, दोन्हींत उघडून बघायचे आणि मगच कार्ड पुसायचं. मग माझी डिस्क रुमालात गुंडाळून मला परत. तिची डिस्क पहिल्या दिवसापासून नखरे करत होती, वायर हलवली की लागायची. ती म्हणायची, वायर सैल असेल. उदयनगर झालं, बदनावर झालं. चौथ्या दिवशी आम्ही धारला तिच्या माहेरी पोचलो. तिथे वायर लावली, डिस्क चटका बसेल इतकी तापली आणि बंद पडली.

आम्ही तशाच एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं भिंग लावलं, सुईनं उकरलं आणि कागदावर लाल-पिवळं खरवडून काढलं. "मैडम, इसमें तो हल्दी-कुमकुम भरा है! किसने किया ये? अंदर सब जल गया."

दुकानात चार माणसं होती. तिचा भाऊ शार्दूलही होता. सगळे हसायला लागले. माझे कान तापले.

वासंती म्हणाली, "मीच लावलं. माझाच हात ओला होता."

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सगळे तिला हसले, आणि ती त्यांच्याबरोबर हसली.

तुम्ही म्हणाल, अक्का, तुम्हाला बरं वाटलं असेल. बरं? मला तिचा गळा धरावासा वाटला! चूक माझी, आणि त्यातही मोठेपणा हिचा? खातेगावला तो मान, इथे हा. माझ्या वाट्याला माझी चूकसुद्धा येऊ देत नाही ही बाई. ती वळून म्हणाली, "अक्का, तुमच्याकडची द्या, तिच्यात सगळं आहे ना." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ती? अगं, ती बहुतेक बदनावरलाच राहिली. उशीखाली."

ती माझ्या पर्समध्ये होती, रुमालात गुंडाळलेली. हात पर्सवरच होता माझा.

वासंतीनं बंद पडलेली डिस्क पिशवीत टाकली. मग म्हणाली, "बरं. बघू."

बदनावरला फोन झाला, त्यांनी गाद्या उलट्या केल्या. कशी मिळणार? आम्ही देवासला परत आलो तेव्हा रविवारला तीन दिवस होते. खरं सांगते, पहिला दिवस मला गोड गेला. वरून भास्करचा आवाज खाली यायचा, "बँकेत इतकी वर्षं काढलीस आणि साध्या दोन डब्या सांभाळता आल्या नाहीत? पुण्याला काय सांगू मी?" मी पोळी लाटता लाटता ऐकायची. ऐकू दे म्हटलं तिलाही एकदा, छत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी तो आवाज ऐकवेना. मी रेडिओ मोठा केला. रात्री पर्स कपाटात ठेवली, मग काढली, मग धान्याच्या कोठीमागे ठेवली. सारखी सासऱ्यांची ती ओळ आठवायची. ते पुस्तक पुन्हा तसंच निघालं तर मी वासंतीला नाही, स्वतःलाच पुसून टाकत होते. मीही याच शाखेची ना? माझं नाव आणखी कुठे छापून येणार आहे? आणि खातेगावचे काका पुढच्या आवृत्तीपर्यंत थोडेच थांबणार?

रविवारी सकाळी मी वर गेले. वासंती जमिनीवर वही घेऊन बसली होती, आठवतील तशी नावं लिहीत. डोळे सुजलेले. फोटो नाही तर निदान नावं तरी पाठवू म्हणून धडपड. अर्धी नाती चुकलेली होती, मला वरूनच दिसलं. भास्कर पेपरमागून म्हणाला, "आता काय उपयोग त्याचा?"

"तू गप रे!" मी ओरडले. "ती हळद मी लावली होती, हिनं नाही. कळलं? मी लावली." मग डिस्क तिच्या वहीवर ठेवली. "आणि ही सापडली. साड्यांच्या घडीत होती."

भास्करनं पेपर खाली केला. वासंतीनं डिस्क उचलली, तिचं तोंड पुसलं, लॅपटॉपला लावली. सगळे फोटो होते, सातशे बारा. काका टोपी घालून उन्हात बसलेले होते. दुपारभर आम्ही दोघींनी एकेक फोटो उघडला. ती विचारायची, हे कोण, आणि मी सांगायची. साडेचारला सगळं पुण्याला गेलं. भास्कर खूश होऊन कचोरी आणायला बाहेर पडला.

ती चहा घेऊन आली. माझ्यासमोर कप ठेवला आणि खाली बघत म्हणाली, "अक्का, धारला दुकानात तुमची पर्स उघडी होती. रुमालातून डोकावताना मला दिसली होती ती."

मी कप खाली ठेवला. "मग बोलली का नाहीस? तीन दिवस नवऱ्याच्या शिव्या खात बसलीस? आणि आज मी दिलीच नसती तर?"

"तर गेलं असतं सगळं," ती म्हणाली. "पण बोलले असते तर मी ती घेतली असती अक्का. ती तुम्ही स्वतःहून दिलेली नसती."

बघा. हे असं आहे. तिच्या सायकलीचा हेवा मी केला, पगाराचा केला, कॅमेऱ्याचा केला, ते सगळं कधीतरी निवलं असतं. हा कसा निवणार? मी इतकं वाईट वागले, आणि त्यातही ती माझ्यापुढे निघून गेली.

"चहात साखर कमी आहे," मी म्हटलं. ती उठली आणि साखर आणायला आत गेली. तेवढ्यात मी पदरानं डोळे पुसून घेतले.